पैशाचं बघूया की

बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात मी घराभोवतीच्या बागा करून देतो. टिळकवाडी-हिंदवाडीतले बंगले, उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांपुढची हिरवळ, संकेश्वर-निपाणीकडची शेतातली नवी घरं. माती आणि झाडं यांच्यात मी फारसा चुकलो नाही. चुकलो ते पैशाच्या बोलण्यात, आणि पुन्हापुन्हा चुकलो. त्या चुकांची झळ माझ्याइतकीच समोरच्या माणसांनाही बसली, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या भागात काम देणारा माणूस पहिल्या भेटीत हमखास म्हणतो, "तुम्ही चांगलं करा हो, पैशाचं बघूया की." कन्नड घरात तेच "माडरि, नोडूण" असं ऐकू येतं. मी याला विश्वास समजायचो. चहा झालेला असायचा, घरातल्या आजींनी माझं मूळ गाव, पाहुणे-रावळे विचारून घेतलेले असायचे. अशा ठिकाणी 'किती खर्च करायचा आहे?' असं विचारायला माझी जीभ रेटत नसे. मी त्याला संकोच म्हणायचो, पण खरी होती ती भीती. आकडा काढला तर काम हातचं जाईल, ही भीती.

निपाणीतल्या एका व्यापाऱ्याच्या घराचं काम मी असंच घेतलं. फुटाला एक दर तोंडी सांगितला आणि तो बेळगावच्या हिशेबानं सांगितला. बेळगावात तांबडी माती, खाली जांभा. खड्डा मारायला कष्ट पडतात, पण पाणी निचरून जातं. निपाणीची जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे तर आधी माती खोल उकरून काढावी लागते, मुरूम भरून, पाणी मारून, रोलर फिरवावा लागतो. उकरायला सुरुवात केल्यावर मला हे दिसलं. त्याच दिवशी मालकांना सांगायला हवं होतं, की खर्च वाढणार आहे. पण सांगायचं तर पैशाचा विषय काढावा लागला असता. तो टाळायला मी मुरुमाचा थर पातळ ठेवला. माझ्या धंद्यात मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट हीच. आकडा बोलायला नको म्हणून मी काम बिघडवलं.

श्रावणापर्यंत गेटपासून व्हरांड्यापर्यंतची वाट उंचसखल झाली. ती उखडून पुन्हा केली. दरम्यान 'चांगलं करा' या शब्दाखातर आंध्रातल्या कडियमहून मोठे फॉक्सटेल पाम मागवले होते. काळ्या मातीत पाणी साचून त्यातले काही मुळाशी कुजले. शेवटचा हिशेब साडेचार लाखांच्या घरात गेला. मालकांच्या मनात दीड लाख होते, गेट आणि कंपाऊंड झाल्यावर उरलेले. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं होतं की वो. मी नको म्हटलो नसतो कदाचित, पण आधी सांगायचं होतं." पैसे त्यांनी हप्त्याहप्त्यानं चुकते केले, पुन्हा बोलावलं मात्र नाही. वाट दुसऱ्यांदा करण्याचा खर्च पूर्णपणे माझा असायला हवा होता. त्यातला निम्मा मी त्यांच्या बिलात घातला, हेही इथं सांगायला हवं.

निपाणी हे तंबाखूचं गाव. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. भाव म्हणजे काय हे ज्या गावाला असं कळलं, तिथं भाव न ठरवता मी उकरायला सुरुवात केली, याचं मला अजून वाईट वाटतं.

टिळकवाडीतली गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला जास्त लागली. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. घर छोटं, पुढं-मागं मिळून दोन गुंठ्यांच्या आत जागा. तेही म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." मी मन लावून आराखडा केला: कारंजं, वेलींचा मांडव, स्प्रिंकलरवरची हिरवळ, चिऱ्याचे कट्टे. कागद टेबलावर पसरून तासभर समजावलं आणि सगळ्यात शेवटी आकडा सांगितला. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, "कळवतो" म्हणाले. त्यांचा फोन आला नाही. मोठी गिऱ्हाइकं अशीच करतात, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

बऱ्याच महिन्यांनी गणपत गल्लीत त्यांच्या पत्नी भेटल्या. त्यांना हवी होती दोन आंब्याची कलमं, एक सोनचाफा, कढीलिंब, मोगऱ्याचा वेल आणि संध्याकाळी दोघांना बसायला कट्टा. "आकडा ऐकल्यावर ह्यांना एवढ्या थोड्याचं बोलायची लाज वाटली," असं त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कोणालाही बोलावलं नव्हतं. अंगण तसंच होतं. पन्नास हजारांच्या आत बसणारं ते काम होतं, आणि मी आनंदानं केलं असतं. मी आधी दोनतीन आकडे पुढं ठेवले असते, तर त्यातला लहान आकडा त्यांनी बोटानं दाखवला असता. स्वतःच्या तोंडानं 'आमच्याकडं कमी आहेत' असं म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नसती.

तेव्हापासून लोक आकडा का सांगत नाहीत याचा मी विचार करतो आहे. जुन्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे. आकडा चारचौघांत उच्चारायचा नाही, ही आपली जुनी रीत. पण एवढंच कारण नाही. दोन लाख सांगितले की कंत्राटदार दोन लाखांचंच काम काढतो, हा अनुभव घर बांधताना प्रत्येकानं घेतलेला असतो. त्यांची सावधगिरी मला रास्त वाटते. आणि तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं: त्यांना माहीतच नसतं. सिमेंटच्या पोत्याचा, सोन्याचा दर सगळ्यांना ठाऊक असतो. हजार फूट हिरवळीला काय लागतं हे कोणाला ठाऊक असणार? ज्याला वस्तूची किंमत माहीत नाही, त्याला बजेट विचारणं हा अन्यायच आहे. पहिला आकडा मीच बोलायला हवा.

आता मी तो बोलतो. हजार चौरस फूट हिरवळ, सहा इंच माती म्हणजे पाचशे घनफूट, म्हणजे पाच ब्रास तांबडी माती. वर शेणखत, कार्पेट गवत आणि मजुरी. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी साडेचारशे लिटरच्या वर जातं. पाच हजार लिटरचा टँकर जेमतेम अकरा दिवस पुरेल. बेळगावच्या राकसकोप धरणातला साठा खाली गेला आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं, तर काय करणार, हे मी पहिल्याच भेटीत विचारतो. पावसाळ्यात दर आठवड्याला कापणी, त्यासाठी माळ्याचा पगार. हे ऐकून पुष्कळजण हिरवळ निम्मी करतात किंवा सोडूनच देतात. माझं काम घटतं. पण मे महिन्यात वाळलेलं गवत आणि त्याकडं हताशपणे बघणारा मालक मी पाहिला आहे.

पहिल्या भेटीला कुदळ बरोबर नेतो. दोन फूट खड्डा मारून माती पाहिल्याशिवाय दर देत नाही. पूर्वी केलेल्या तीन कामांचे फोटो दाखवतो, प्रत्येकाखाली खर्च लिहिलेला असतो आणि दोन वर्षांनी ती बाग कशी दिसते तेही. आराखड्याचे पैसे वेगळे घेतो, काम मिळालं तर बिलात वळते करतो. काही लोक तिथंच थांबतात. त्यांच्यापैकी काहींचं काम मला हवं होतं.

वेळेचंही एक आहे. लोक बागेकडं वळतात ते वास्तुशांतीची तारीख ठरल्यावर, तोवर पैसे संपलेले असतात. पाया काढतानाच मला बोलावलं तर वरची चांगली माती गवंड्याला एका बाजूला ठेवायला सांगता येते, फरशीखालून पाइप काढून ठेवता येतो. या दोन गोष्टींना जवळजवळ काहीच पडत नाही. मागाहून करायच्या तर फरशी फोडावी लागते.

नात्यातल्या माणसांपुढं मात्र मला हे अजून जमत नाही. तिथं मी आकडा बोलत नाही, मग काम अंगावर येतं, आणि राग मी मजुरांवर काढतो. मृगाच्या आधी मावसभावाच्या प्लॉटचं काम सुरू करायचं आहे, खडकलाटजवळ, काळ्या मातीत. "दादा, तू बघशील तसं," असं तो म्हणाला आहे. तीन आकड्यांचा कागद मी तयार केला आहे. येत्या रविवारी मावशीसमोरच त्याच्या हातात द्यायचा, असं बायकोला सांगून ठेवलं आहे.