ग्रॅममागे अठ्ठेचाळीस रुपये

माझी सायकल १० किलो २०० ग्रॅमची होती. ती ८ किलो ६४० ग्रॅमवर आणताना किती पैसे गेले, हे मी घरी बरेच दिवस तुकड्यातुकड्यानेच सांगितलं. सीट आणली तेव्हा सीटचं सांगितलं, टायर आणले तेव्हा टायरचं. एकूण बेरीज कुणी मागितली नाही, मीही केली नाही. केली तेव्हा ती ५८,३०० रुपये निघाली. मडगार्ड मी फुकटातच काढून फेकली होती, ती सोडली तर कमी झालेले ग्रॅम १,२१०. म्हणजे ग्रॅमला अठ्ठेचाळीस रुपये.

हे वेड लागलं २०१७ च्या सुमारास. त्याआधी २०१५ साली नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पुरी केली होती, आणि २०१७ मध्ये आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. विदर्भात पहाटे उठून हेल्मेट चढवणाऱ्या माणसांची संख्या एकदम वाढली, त्यांतला मी एक. आता अशा माणसाकडून शिकायचं तर त्याने वर्षानुवर्षं सराव कसा केला ते शिकावं. मी मात्र मोठे सायकलपटू कुठल्या वजनाच्या सायकलीवर बसतात, यावर रात्र रात्र वाचत बसलो. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलोची किमान मर्यादा घातली आहे, हे मला पाठ झालं. सेवाग्रामहून वर्ध्याला आठ किलोमीटर सपाट रस्त्यावरून नोकरीला जाणाऱ्याने त्या मर्यादेचं ओझं उगाच मनावर घेतलं.

मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा माझ्याकडे आला. ज्या काट्यावर वायगावची हळद मोजून डब्यात भरली जायची, त्यावर मी पेडल, बोल्ट, बाटलीचा स्टँड मोजू लागलो. “अहो, तो काटा पुसून तरी ठेवत जा, भाजीला ग्रीस लागतं,” असं बायकोने सांगितलं, ते मी ऐकलं. बाकी काही ऐकलं नाही. वहीत रकाने पाडले होते. चाकांची जोडी: ५०० ग्रॅम कमी, ३८,००० रुपये. सीट: १५० ग्रॅम, ६,०००. सीटखालची कार्बनची दांडी: ११० ग्रॅम, ५,५००. पंचवीस मिलिमीटरचे बारीक टायर: ३०० ग्रॅम, ७,०००. आणि ट्यूब: दोन्ही मिळून १५० ग्रॅम, १,८०० रुपये. ट्यूबचा ग्रॅम बारा रुपयांना पडला, चाकाचा शहात्तरला. ट्यूबच्या सौद्यावर मी सगळ्यांत खूश होतो.

त्या ट्यूब रबराच्या नव्हत्या. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या, फिक्या रंगाच्या, घडी केली तर मुठीत मावतील अशा. आणि आमचा रस्ता बाभळीचा. शेताच्या कुंपणाला तोडलेल्या बाभळीच्या फांद्या रस्त्यावरून ओढत नेतात, त्यांचे पांढरे काटे पहिल्या पावसात वाहून डांबराच्या कडेला येऊन थांबतात. पाऊस सरला की सराटे. जाड टायरमध्ये काटा अर्ध्यावर अडकतो, तो आपण नखाने काढून पुढे जातो. माझ्या बारीक टायरमधून तो सरळ आत.

जुलैतल्या एका सकाळी चौकातल्या पंक्चरच्या दुकानात उतरलो. दुकानदाराने ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून फिरवली, बुडबुडा सापडला तिथे खूण केली. मग कानशीने घासायला लागला आणि थांबला. कानशीखाली रबराची भुकटी पडते, इथे काहीच पडत नव्हतं. नुसते चकचकीत ओरखडे. तरी त्याने सोल्युशन लावलं, फुंकर मारली, ठिगळ दाबलं, वरून हातोडीचा हलका ठोका दिला. हवा भरायला त्याचा पंप माझ्या सुईसारख्या व्हॉल्वला बसेना, तेव्हा माझ्याच छोट्या पंपाने भरली. ठिगळ सावकाश एका कडेने उचललं गेलं.

“सर, हे रबर नोहे जी. याले आपलं सोल्युशन धरतच नाही,” तो म्हणाला. “असं कायले आणलं?”

उत्तर देण्याजोगं नव्हतं. त्या ट्यूबला तिचं वेगळं ठिगळ लागतं, ते मागवावं लागतं, हे मला माहीत होतं. ठिगळं घरी कपाटात होती. बारा रुपये ग्रॅमची ट्यूब खिशात घालून सायकल ढकलत ऑफिसला गेलो. त्या महिन्यात असं वारंवार झालं. शेवटी त्याच दुकानातून साध्या ट्यूब घेतल्या. पैसे घेताना तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार.

मडगार्डचं दुःख वेगळं. आमची माती काळी, पाणी लागलं की चिकटते. मडगार्ड काढून साडेतीनशे ग्रॅम वाचवले होते. पावसाळ्यात घरी येईपर्यंत ब्रेकच्या फटीत, फ्रेमखाली आणि माझ्या पाठीवर मिळून त्याहून जास्त माती बसलेली असायची. पांढरा शर्ट तर गेलाच, शिवाय ती वाळलेली माती साखळीत जाऊन साखळीचं जे वाटोळं झालं त्याचा खर्च वरच्या बेरजेत धरलेला नाही.

कार्बनच्या दांडीची चूक निव्वळ आळसाची. दांडीवर स्पष्ट छापलं होतं की पाच न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नये. त्यासाठी टॉर्कचा पाना लागतो. साठ हजारांच्या आसपास पैसे घालणाऱ्या माणसाला दीड-दोन हजारांचा पाना महाग वाटला. साध्या अ‍ॅलन कीने ‘अंदाजे’ आवळलं, सीट जराशी खाली घसरतेय असं वाटलं म्हणून आणखी अर्धा फेरा. पुढे काही दिवस पेडल मारताना एक बारीक किर्र आवाज यायचा. मी पेडलला तेल दिलं, क्रँक उघडला, साखळीला दोष दिला. एकदा फडक्याने दांडी पुसताना फडक्याचा धागा एका रेषेत अडकला. केसाएवढी चीर, क्लॅम्पच्या बरोबर वर. लोखंडाची दांडी आधी वाकते, काहीतरी सांगते. कार्बन कधी एकदम तुटेल याचा नेम नाही. त्या चिरेवर बसून मी ट्रकांच्या गर्दीतून नागपूर रोडने जाऊन आलो होतो. हलकं, मजबूत आणि स्वस्त यांतलं कुठलंही दोनच निवडा, असं एक वाक्य कीथ बाँट्रेगर या अमेरिकी सायकल बांधणाऱ्याच्या नावावर सांगतात. मी त्यांतलं एकच निवडलं होतं असं दिसतं.

पण मला खरंच फसवलं ते चिखलदऱ्याच्या घाटाने. वजन कमी केल्यावर थंडीत नागपूरच्या मंडळींबरोबर गेलो आणि परतवाड्याहून वर पोचायला आधीपेक्षा नऊ मिनिटं कमी लागली. पुढचे कित्येक महिने मी ही नऊ मिनिटं भेटेल त्याला ऐकवली. दोन जणांनी माझं ऐकून चाकंही घेतली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. कारण गणित मी नंतर केलं, जे कुठल्याही अकरावीच्या मुलाने आधी केलं असतं. पायथ्यापासून वर साधारण सातशे मीटर उंची. एक किलो वजन सातशे मीटर उचलायला लागते सुमारे ६,९०० ज्यूल ऊर्जा. माझ्यासारखा हौशी माणूस चढावर दीडशे वॅटच्या आसपास ताकद लावतो. भागून टाका: किलोमागे सेहेचाळीस सेकंद. माझ्या मडगार्डांसकट दीड किलोला सत्तर सेकंदांच्या आसपास. मग उरलेली आठ मिनिटं कुणाची? आधीच्या वेळी मी ऑक्टोबरच्या उन्हात एकटा गेलो होतो. या वेळी गार हवा, आणि पायथ्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर पुढच्याच्या पाठीमागे वारा चुकवत आलेलो, त्यामुळे पाय ताजे. पुढे चालणाऱ्याने मला फुकट दिलेलं होतं ते मी चाकांच्या नावावर जमा केलं.

सपाट रस्त्यावर तर हिशेब आणखी लाजिरवाणा. ताशी पंचवीसच्या वेगाला शंभर-सव्वाशे वॅट लागतात, त्यातले निम्म्याहून जास्त समोरची हवा बाजूला सारण्यात जातात. दीड किलो कमी केल्याने वाचतो साधारण अर्धा वॅट. जॅकेटची चेन नीट लावली तर त्याहून जास्त वाचेल. आणि बारीक टायर मी फुगवून दगडासारखे करत होतो, तेव्हा खडबडीत डांबरावर जी ताकद नुसत्या हादऱ्यात जाते ती वेगळीच. आता बत्तीस मिलिमीटरचे टायर आहेत, हवा कमी भरतो, जोडीचं वजन पाव किलोहून जास्त वाढलं आणि मी कुठेही हळू झालेलो नाही.

“आधी पोट कमी कर” हा टोमणा सायकलवाल्यांना सगळे मारतात. मलाही पुष्कळ मारला गेला. गणिताने तो बरोबरच आहे, पण त्याचा मला फारसा उपयोग झाला नाही, एवढंच नोंदवतो.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, जे १९३८ साली सुरू झालं, चरख्यांचे निरनिराळे प्रकार बघत असताना मला १९२९ ची ती स्पर्धा आठवली. गांधीजींच्या पुढाकाराने चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. पहिल्या अटीत ‘वजनाला हलका’ हे होतंच, इकडून तिकडे नेता यावा, खेड्यातल्या घरात चालवता यावा म्हणून. पण त्या अटीला बाकीच्यांनी चारी बाजूंनी बांधून टाकलं होतं: बाईने आठ तास चालवला तरी फार दमू नये, किंमत दीडशे रुपयांच्या आत, वीस वर्षं टिकला पाहिजे, आणि झिजलेले भाग बदलायचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. किर्लोस्करवाडीहून आलेलं यंत्रही कसोटीला उतरलं नाही. अटी कडक होत्या हे खरं. मी माझ्या सायकलीसाठी त्यांतली पहिली तेवढी उचलली होती. वार्षिक पाच टक्क्यांची अट माझ्या वहीत असती तर ट्यूब, साखळी आणि दांडी पहिल्या पावसाळ्यातच नापास झाल्या असत्या.

हलकं असण्याचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. सेवाग्राम स्टेशनावर सायकल खांद्यावर घेऊन जिने चढताना दीड किलो कळतो. आणि ती चाकं मी अजून वापरतो. सिग्नलवरून निघताना सायकल अशी उसळते की मजा येते. अडतीस हजार रुपयांची मजा आहे ती. वेग म्हणून घेतली हे चुकलं.

दुसरी एक चूक याहून मोठी होती, ती घरातच उभी होती. मुलगी सातवीत, वजन चौतीस किलो. तिची सायकल ‘रेंजर’ प्रकारातली, पुढे-मागे शॉकअप, ट्रॅक्टरसारखे खाचांचे टायर. “बाबा, सायकल जड जाते,” असं ती म्हणायची आणि मी सांगायचो, सवय होईल. एकदा सामान मोजायच्या स्प्रिंगकाट्याला सहज लटकवली तर साडेसतरा किलो. म्हणजे तिच्या निम्म्या वजनाहून जास्त. माझी सायकल मूळचीच माझ्या वजनाच्या सातव्या हिश्शाएवढी होती, आणि ग्रॅम मी माझे मोजत बसलो होतो. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून लांबच्या गावांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, रस्त्याने त्या मुली चढावर उतरून सायकल ढकलताना दिसतात. तेही मी पाहिलं होतं आणि काही सुचलं नव्हतं.

तेरा हजारांत साधी अ‍ॅल्युमिनियमची सायकल मिळाली, शॉकअप नसलेली, अकरा किलो आठशे ग्रॅमची. ग्रॅमला अडीच रुपयेही पडले नाहीत. सपाटीवरचा फरक मुख्यतः वजनाचा नाही, हे माझंच गणित मला सांगतं. तो गुळगुळीत टायरचा आणि दर पेडलला खाली-वर होणारा शॉकअप गेल्याचा आहे. पण घराच्या तीन पायऱ्या ती आता स्वतः सायकल उचलून चढते, आधी मला हाक मारायची.

महिन्याभरात तिने पुढे टोपली लावली, मागे कॅरिअर, दांड्यावर घंटी आणि साखळीचं कुलूप. काट्यावर घातली तर दीड किलो वाढलेली. त्यातलं सगळ्यांत जड ते कुलूप, आणि ते मीच आणून दिलं होतं.