मोडणारी पिन

यंत्रे आणि मी यांच्यात लहानपणापासून अबोला आहे. स्टोव्हला पिन करायला बसलो की ती आतच मोडायची आणि आई म्हणायची, "ऊठ, तू आपली कविता पाठ कर!" ते मी इतके मनावर घेतले की पुढे मराठीचा प्राध्यापक झालो. अशा माणसाच्या हाती गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत एक स्नो ब्लोअर आला.

माझा थोरला भाऊ बफेलोला असतो. ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला हे शहर आहे. थंड वारे न गोठलेल्या सरोवरावरून येताना वाफ उचलतात आणि काठावर आले की तिचे बर्फ करून ओततात. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथल्या ऑर्चर्ड पार्क भागात सहा फुटांहून अधिक बर्फ पडले होते. असले बर्फ फावड्याने उपसायचे म्हणजे छातीवर ताण, आणि दादाची बायपास नुकतीच झालेली. वहिनींचा फोन आला, "भावोजी, नाताळात याल का?" खरे तर वाड्याच्या वाटणीवरून आम्ही दोघे भाऊ दोन वर्षे बोलत नव्हतो. तरी गेलो.

सुरुवातीला आम्ही यंत्राबद्दलच बोललो. दुसरा विषय दोघांनाही नको होता. दादा गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसे आणि मी पान्हा घेऊन जमिनीवर. पुढचे फिरते मळसूत्र बर्फ खरवडून मधे ओढते, मागचा पंखा ते नळकांड्यातून दूर फेकतो. दादाचा पहिला धडा असा: इंजिन बंद, किल्ली खिशात, स्पार्क प्लगची वायर सुटी, आणि नळकांड्यात बर्फ अडकले तर काठीने काढायचे, हात कधीही घालायचा नाही. मग तेल बदलले. मार्चपासून टाकीत पडून राहिलेले पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटर तुंबवते, म्हणून ते काढून ताजे भरले. पुढच्या खरवडपट्टीखाली दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पातळ फळ्या ठेवल्या, कडेच्या घसरपट्ट्यांचे नट सैल करून त्या जमिनीला टेकवल्या आणि नट आवळले. फळ्या काढल्या की पट्टी जमिनीपासून तेवढीच वर राहते. वाटेचे आणि तिचे भांडण होत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे फूटभर बर्फ पडले. रस्ता साफ करणाऱ्या गाडीने त्यातले बरेचसे लोटून आमच्या दारापुढे बांधच घातला होता. मी ऐटीत यंत्र घुसवले. आत गोठलेले वर्तमानपत्र दडले होते. खट्! इंजिन चालूच, पण मळसूत्राची एक बाजू थांबली.

"दादा, मोडलं रे!" मी ओशाळून म्हणालो.

दादा हसला. दोन वर्षांत प्रथमच. "अरे, मोडायचीच असते ती. शिअर पिन म्हणतात तिला. मुद्दाम मऊ धातूची करतात. अडथळा आला की ती मोडते, म्हणून आतला गिअरबॉक्स वाचतो." जरा थांबून म्हणाला, "सारखी मोडते म्हणून एकदा मी चिडून तिथे कडक पोलादाचा बोल्ट घातला. तो नाही मोडला. गिअरबॉक्सच फुटला."

इंजिन बंद करून मी काठीने कागदाचा लगदा काढला आणि नवी पिन बसवली. दहा मिनिटांचे काम. पण हात चालत होते तरी डोळ्यांपुढे वाडाच होता. दोन वर्षे आम्ही दोघेही कडक पोलादाचे झालो होतो. आपण मोडायचे नाही, एवढीच दोघांची शर्थ. त्यापायी आत काय फुटत होते, ते आईने एकटीने ऐकले.

त्या रात्री जेवताना वाड्याचा विषय निघाला. आधी कोण मोडले ते सांगणार नाही. तसे आमचे ठरले आहे. घरी फोन केला तेव्हा आई बराच वेळ बोललीच नाही, नुसती ऐकत राहिली.

निघताना दादाने दोन नव्या पिना माझ्या बॅगेत टाकल्या. पुण्यात बर्फ पडत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.