वाटेचे दोन पत्ते

'शॉर्टकट' या शब्दाने बराच घोटाळा करून ठेवला आहे. हट्ट्याच्या शिवारात धुऱ्यावरून जाणारी आडवाट ही खरीखुरी वाट असते. पावसात चिखलली तरी तिच्यावर पाय ठेवता येतो. संगणकाच्या पडद्यावरचे शॉर्टकट ही वाट नव्हे. ती एक चिठ्ठी असते: अमुक वस्तू तमुक ठिकाणी आहे, एवढाच तिचा मजकूर. १९९५ साली विंडोजच्या नव्या आवृत्तीबरोबर ही सोय घरोघर पोचली आणि तेव्हापासून आपण चित्रालाच वस्तू समजत आलो. चिन्ह आणि चिन्हित यांतला भेद आम्ही दोघे वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आहोत. पण फळ्यावर जो कधी नीट पटला नाही तो २०२२च्या पावसाळ्यात आमच्या लहानशा संगणकखोलीत पटला.

पाच संगणक, त्यांतला एक मुख्य. ओव्यांच्या नोंदींचा प्रोग्रॅम आणि त्याची सगळी माहिती त्या एकावर. उरलेल्या चारांवर केवळ चित्र. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, हे ऐकून आमच्या विद्यार्थ्यांनी वसमत तालुक्यातल्या आपापल्या गावांतून वह्या भरून आणल्या होत्या. काम रखडतखडत चालले होते. मुख्य संगणकावर विंडोज ७ होते, तिचे सुरक्षा-अद्यतन जानेवारी २०२० मध्येच थांबलेले. टाळेबंदी सरल्यावर तो संगणक बदलणे भाग पडले. नव्या यंत्राला नवे नाव मिळाले आणि चारही पडद्यांवरची चित्रे एका सकाळी आंधळी झाली. चित्र तेच, खालचे नाव तेच, टिचकी मारली की मात्र काही सापडत नाही.

नामदेवांचे कीर्तन ज्या बाजूला चालले होते त्या बाजूला शेजारच्या औंढ्याचे देऊळच फिरले, अशी परंपरा आहे. संगणकातले देऊळही फिरते, पण भक्ताकडे पाठ करून.

दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने प्रत्येक चित्रावर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' उघडले, 'टार्गेट'च्या चौकटीत जुन्या यंत्राच्या जागी नव्या यंत्राचे नाव घातले आणि अर्ध्या तासात तो मोकळा झाला. प्रोग्रॅम सर्वत्र उघडू लागला. त्या चौकटीच्या खाली 'स्टार्ट इन' नावाची दुसरी चौकट असते. तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. जुन्या धाटणीचे कित्येक प्रोग्रॅम आपली माहिती कुठे आहे हे स्वतःच्या घरावरून ठरवत नाहीत, या दुसऱ्या चौकटीतल्या फोल्डरवरून ठरवतात. खिडकीजवळच्या संगणकावर हा प्रोग्रॅम पूर्वी कधीतरी स्वतंत्रपणे बसवलेला होता. तिथे त्या चौकटीत त्याच्याच डिस्कवरचा पत्ता होता, आणि त्या पत्त्यावर नोंदींची एक जुनी प्रतही जिवंत होती. परिणाम असा, की चार संगणकांवर जो संग्रह उघडे तो पाचव्यावर उघडत नसे. प्रोग्रॅम तोच, खिडकी तीच, तक्रारीचा एक शब्द नाही. लक्ष्य एक असूनही निघण्याची जागा वेगळी असली की भलतेच पुस्तक हाती येते. वाचकाच्या भूमिकेवर आम्ही इतके परिसंवाद ऐकले, पण इतके नेमके उदाहरण कुठल्याही व्यासपीठावर ऐकल्याचे आठवत नाही. असो.

हे उघडकीला आणले एका विद्यार्थिनीने. आजीच्या ओव्या तिने खिडकीजवळ बसून नोंदवल्या आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या संगणकावर शोधल्या. एकही सापडली नाही. वही पावसात भिजून गेलेली. आजीचे आठवणे आता विरळ झाले आहे, अर्धी ओवी म्हणून ती थांबते, तेव्हा पुन्हा विचारून लिहिण्याची सोय नव्हती. तंत्रज्ञाला फोन केला तर तो म्हणाला, "सर, ती डुप्लिकेट आहे, डिलीट करून टाका."

पोथ्यांच्या अभ्यासात वाढलेल्या माणसाला 'डुप्लिकेट' हा शब्दच संशयास्पद वाटतो. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत हरवली आणि ते आठवणींतून पुन्हा उभे करावे लागले, असे महानुभाव परंपरा मानते, वि. भि. कोलते यांच्या १९७८च्या संपादनामागे किती पोथ्यांचे वाचन होते हे आपण जाणतोच. कुठली प्रत निरुपयोगी, हे ती वाचल्याशिवाय ठरत नाही. आम्ही दोन्ही प्रती छापून शेजारी ठेवल्या. दोन्हीकडे यंत्राने एकच अनुक्रमांक निरनिराळ्या ओव्यांना दिले होते, त्यामुळे एक प्रत दुसरीवर ओतली असती तर एकीने दुसरीला गिळले असते. विद्यार्थ्यांनी खिडकीजवळच्या नोंदींना नवे क्रमांक दिले, मग त्या मुख्य संग्रहात घातल्या. चार दिवस गेले.

शॉर्टकटची दुरुस्ती त्यामानाने क्षुल्लक. पाचही संगणकांवर सामायिक फोल्डरला एकच ड्राइव्ह-अक्षर दिले आणि दोन्ही चौकटींत त्याच अक्षराचा पत्ता घातला. यापुढे यंत्राचे नाव बदलले तरी चित्रांना हात लावावा लागणार नाही. अक्षर कुठे जाते तेवढे बदलायचे. एका मुलाने दोन्ही पत्ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवले आहेत.

खिडकीजवळचे ते जुने फोल्डर आम्ही पुसलेले नाही. त्याचे नाव बदलून 'खिडकीची प्रत' केले आणि ते फक्त वाचण्यापुरते खुले ठेवले. आजीच्या दोन ओव्यांत तिथला पाठ आणि मुख्य संग्रहातला पाठ अजून जुळत नाही. मुलगी म्हणते, दोन्ही आजीनेच सांगितले होते.