सव्वीस तासांचा दिवस

मराठीत भीती वाटते, पण धसका घेतात. वाटलेली गोष्ट येते तशी निघून जाते. घेतलेली मात्र कुठे तरी ठेवावी लागते. माझ्या मोटरसायकलच्या अपघातानंतर साडेतीन महिन्यांनी आत्या शेजारच्या काकूंना स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगत होती, ‘हाड जुळलंय हो, पण त्यानं धसका घेतलाय.’ मी बाहेरच्या खोलीत पलंगावर होतो, सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी नडगीचा एक्स-रे उजेडात धरून दाखवला होता, आता काठी सोडा म्हणाले होते. काठी सुटत नव्हती. पाय खरोखर दुखत होता. दुखायला काही कारणच नाही असं कुणी म्हटलं, की जास्त दुखायचा. दुपारभर मी विविध भारती लावून पडून राहायचो. जुन्या गाण्यांत पुढची ओळ कोणती येणार ते आधीच ठाऊक असतं.

त्याच दिवसांत मी ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ ही अमेरिकन मालिका ओळीनं बघत होतो. १९९३ ते १९९९ अशी सात वर्षं ती चालली. दूरच्या एका अंतराळस्थानकावरची माणसं, त्यांचे व्यवहार, आणि शेवटी शेवटी एक लांबत गेलेलं युद्ध. त्यातला नॉग हा फेरेंगी जमातीतला पोरगा. फेरेंगी म्हणजे नफ्यातोट्यावर जगणारे, मोठाल्या कानांचे व्यापारी लोक. त्यांच्यात कानाच्या पाळ्या हीच माणसाची ऐपत, हिंमतही तीच. आपण छातीबद्दल जे बोलतो ते हे लोक कानांबद्दल बोलतात. पहिल्या भागात नॉग चोरी करताना पकडला जातो. त्याला वाचताही येत नसतं. कॅप्टन सिस्कोचा मुलगा जेक त्याला वाचायला शिकवतो. आणि मग एके दिवशी हाच पोरगा सिस्कोपुढे उभा राहतो आणि स्टारफ्लीट या अंतराळदलात भरती व्हायचंय म्हणतो. त्याच्या जमातीतून आजवर कुणी गेलेलं नसतं. का जायचंय, हे सिस्को खोदून खोदून विचारतो, तेव्हा तो बापाबद्दल बोलतो: यंत्रांतलं एवढं कळणारा माणूस, मोठा इंजिनिअर व्हायचा, पण भावाच्या गुत्त्यात राबत राहिला. मला तसं व्हायचं नाही, असं तो रडवेला होऊन सांगतो. तिथपासून मी नॉगचा झालो. पुढे त्याला गणवेशात बघितलं की घरातलंच पोर शिकून मोठं झाल्यासारखं वाटायचं.

नोव्हेंबर १९९८मध्ये दाखवलेल्या ‘द सीज ऑफ एआर-५५८’ या भागात त्याचा पाय जातो. एआर-५५८ हा एक उजाड खडकाळ ग्रह. शत्रूकडून जिंकून घेतलेलं एक संदेशयंत्र तिथं आहे आणि ते राखायला ठेवलेली तुकडी पाच महिने बदलीची वाट बघत बसली आहे. दीडशेतले त्रेचाळीस उरलेत. शत्रू कुठवर आलाय हे त्या तीक्ष्ण कानांना लांबून कळेल, म्हणून नॉगला टेहळणीला पाठवतात. त्याच्या जमातीत ज्या कानांवरून हिंमत मोजतात, त्याच कानांच्या भरवशावर तो मरणाच्या तोंडाशी जातो. परततो तो गोळी लागून. पाय कापावा लागतो.

त्या भागात क्वार्क आहे, नॉगचा काका. गुत्तेवाला, लढाईपासून चार हात लांब राहणारा. आपल्या पुतण्याला हे लोक नाहक मरणाच्या दारात ढकलतायत, असं तो सिस्कोला तोंडावर सुनावतो. आणि शत्रू आत घुसतो तेव्हा पाय गेलेल्या पोराच्या खाटेशी उभा राहून हाच क्वार्क बंदूक चालवतो. त्या सगळ्या लढाईतलं मला हेच दृश्य सगळ्यांत शूर वाटतं. जिवाला जपणाऱ्या माणसाची ती बंदूक आहे.

इतर कुठल्या मालिकेत पुढच्या आठवड्यात नॉग नव्या पायावर उभा दिसला असता आणि गोष्ट पुढे सरकली असती. त्या काळी टीव्हीवरच्या नायकांच्या जखमा आठवडाभरातच भरायच्या. इथं मात्र डिसेंबरअखेरीस एक अख्खा भाग त्याच्या परतण्याला दिला. नाव ‘इट्स ओन्ली अ पेपर मून’. हे १९३३मधल्या एका गाण्याचं नाव आहे. पटकथा रोनाल्ड मूरची. मालिकेचे ठरलेले नायक-नायिका यात कडेला उभे आहेत. सगळा भार एरवी अधूनमधून येणाऱ्या दोघांवर, नॉग आणि व्हिक फाँटेनवर.

नॉग काठी टेकत स्थानकावर उतरतो. स्वागताला सगळे जमलेत: बाप, काका, मित्र. त्याला फक्त झोपायचं असतं. नवा पाय उत्तम बसलाय, कुठंही दोष नाही, असं डॉक्टर म्हणतात. तो लंगडतोच. पाय दुखतो, तो म्हणतो. दुखण्याचं कारण मनात आहे हे सगळ्यांना कळतं, त्यालाही बहुधा कळतं, पण तेवढ्यानं दुखायचं थांबत नाही. हा प्रसंग बघताना मी अंगावरचं पांघरूण घट्ट ओढून घेतलं होतं. खोलीत पडून तो एकच गाणं लावत राहतो, परत परत. एआर-५५८वर त्यांनी ऐकलेलं, व्हिक फाँटेनच्या आवाजातलं.

हा व्हिक म्हणजे प्रकाशाचा माणूस. क्वार्कच्या गुत्त्यात होलोसूट नावाच्या खोल्या आहेत. त्यांत संगणक हवं ते जग उभं करतो, भिंती, माणसं, वास, सगळ्यासकट. एका खोलीत १९६२ सालचं लास व्हेगास आहे आणि तिथल्या क्लबात हा व्हिक गातो. गंमतीचा शब्द सोडून बोलायचं तर तो एक आज्ञावली आहे, आणि हे त्याला स्वतःला ठाऊक आहे. त्याची भूमिका केलेला जेम्स डॅरन खरोखरच साठच्या दशकातला गायक होता, त्यामुळे गाणी उसनी वाटत नाहीत. नॉग थेट त्याच्याकडे जातो आणि म्हणतो, मी आता इथंच राहणार. आजारी रजेवरचा माणूस आपली विश्रांतीची जागा निवडू शकतो, म्हणून समुपदेशक एझ्री परवानगी देते.

आणि तिथं त्याला बरं वाटायला लागतं, हे या भागाचं शहाणपण आहे. पळून गेलेल्या माणसाला लगेच शिक्षा होत नाही. व्हिक त्याला एक देखणी काठी देतो. दोघं टीव्हीवर ‘शेन’ हा १९५३चा घोडेस्वारांचा सिनेमा बघतात. नॉग क्लबाचे हिशेब हातात घेतो, चुका काढतो, नवा कॅसिनो उभारायचे बेत आखतो. बापाला शेवटी आपला पोरगा हिशेबात रमलेला दिसतो. काठीवरचा भारही हळूहळू हलका होत जातो. फक्त बाहेरचं जग आत आलं की त्याचं बिनसतं. जेक मैत्रिणीला घेऊन सहज भेटायला येतो, तर नॉग त्याला ठोसा मारतो. ज्यानं त्याला अक्षरं शिकवली, त्याला.

माझ्याकडेही त्या महिन्यांत मित्र येत. मी कुणाला मारलं नाही, पण एकानं अपघाताबद्दल विचारलं म्हणून त्याला असं काही बोललो की तो पुन्हा वर्षभर आला नाही. मी त्याला नंतर फोन केला. फोनवर आम्ही दोघंही क्रिकेटबद्दल बोललो.

दिवस सरतात तसं व्हिकला जाणवतं की पोरगा आता इथून हलणारच नाही. तो त्याला जायला सांगतो. नॉग ऐकत नाही, तेव्हा व्हिक स्वतःला बंद करून घेतो. क्लब, दिवे, रस्ते, सगळं नाहीसं होतं आणि नॉग रिकाम्या खोलीत उरतो. यंत्र उघडून तो ते चालू करायला धडपडतो, जमत नाही. स्थानकाचा इंजिनिअर ओब्रायन येऊन समजावतो की व्हिकच्या मनात नसेल तर कुणीही त्याला परत आणू शकणार नाही. मग व्हिक येतो. आणि मग नॉग एकदाचा बोलतो.

काय बोलतो ते माझ्या शब्दांत सांगतो, कारण इतक्या वेळा ऐकल्यावर ते माझंच झालंय. युद्ध सुरू झालं तेव्हा त्याला आनंद झाला नव्हता, पण हुरूप होता. आपण खरे शिपाई आहोत का, हे बघायचं होतं. त्यानं लढाया पाहिल्या, माणसं घायाळ झालेली पाहिली, मेलेली पाहिली. पण हे आपल्याला होईल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. मग डॉक्टरांनी सांगितलं की पाय कापावा लागेल. ते अजूनही खरं वाटत नाही. पाय जाऊ शकतो तर काहीही होऊ शकतं. उद्या मरणही. आणि त्याला सामोरं जायला आपण तयार आहोत का, हे त्याला ठाऊक नाही. इथं राहिलं तर निदान पुढं काय होणार ते तरी कळतं. एवढं बोलून तो रडतो, आणि मोठाले कान लावलेल्या, नकली चेहऱ्याच्या आत दडलेल्या त्या नटाचे डोळे मला अजून विसरता येत नाहीत.

शूर माणसाला भीतीनं ग्रासलं असं आपण म्हणतो, तेव्हा आधी तिथं शौर्य होतं आणि नंतर ते गळून पडलं असं गृहीत धरतो. नॉगची कबुली ऐकल्यापासून मला ते पटत नाही. एआर-५५८पर्यंतचा नॉग धाडसी होता, पण त्याच्या धाडसाला एक गोष्ट माहीतच नव्हती: की मरणाऱ्यांच्या यादीत आपलंही नाव लिहिलेलं आहे. ज्याला हे माहीत नाही त्याचं धाडस वाऱ्यावरच्या पतंगासारखं सहज वर जातं. ते खोटं नसतं. पण त्यात अजून तो स्वतः नसतो. गोळीनं पाय गेला आणि त्याच क्षणी त्याला हे कळलं. पाय नवा बसवता येतो. जे कळलं ते परत न कळल्यासारखं करता येत नाही. मी घाटातल्या वळणावर रस्त्यावर पडलो तेव्हा मागून येणारा ट्रक थांबला, म्हणून वाचलो. थांबला नसता तर, हे मला हाडापेक्षा जास्त दुखत होतं. इतकी वर्षं मी त्याच वळणावरून शीळ वाजवत गेलो होतो.

ही कबुली नॉग बापाला देत नाही, मित्राला नाही, समुपदेशकालाही नाही. ज्याला मरण नाही त्याच्याजवळ तो मरणाची भीती बोलतो. आपल्या माणसांजवळ बोलावं तर त्यांचेच चेहरे उतरतात आणि मग त्यांना धीर देण्यात आपला दिवस जातो. व्हिकला ते ओझं नाही. पण त्याच्याकडे दुसरं काही आहे, ज्याकडे पहिल्या वेळी बघताना माझं लक्ष गेलं नव्हतं. नॉग राहायला येईपर्यंत व्हिक असायचा तो कुणी खोली चालू केली तेवढ्याच वेळापुरता. नॉगमुळे त्याला पहिल्यांदा रात्रीची झोप मिळते, सकाळ मिळते, वर्तमानपत्र, पत्ते, एका दिवसाला लागून येणारा दुसरा दिवस. त्याला ते फार आवडलंय, हे तो बोलूनही दाखवतो. तरी तोच दिवे मालवतो. इथं राहिलास तर एकदम नाही, पण थोडाथोडा मरत जाशील आणि माझ्यासारखा पोकळ होशील, असं तो पोराला सांगतो. ज्याला आत्ता कुठं जगणं मिळालंय, त्यानं दुसऱ्याला जगायला पाठवायचं, हे सोपं नाही. प्रकाशाच्या माणसाकडून मी याहून मोठं काही पाहिलेलं नाही.

नॉगचं काम करणारा ॲरन आयझेनबर्ग हा मूत्रपिंडाचा विकार घेऊनच जन्मला होता. सतराव्या वर्षी त्याच्यावर प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. शरीर दगा देऊ शकतं, हे त्याला कुणी लिहून द्यायची गरज नव्हती. पुढे अनेक माजी सैनिक भेटून त्याला सांगत, की युद्धावरून घरी आल्यावर आमचं असंच झालं होतं. तो हे मुलाखतींतून मोठ्या जपणुकीनं सांगायचा. २१ सप्टेंबर २०१९ला तो गेला, पन्नासाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’त एका जहाजावर नॉगचं नाव आलं. जेम्स डॅरनही २०२४मध्ये गेला.

भाग संपताना नॉग ठणठणीत झालेला नाही. त्याला आधी हलकी ड्यूटी देतात. भीती गेली असं तो म्हणत नाही, कुणी त्याला विचारतही नाही. निघण्याआधी तो काकाशी बोलून एक व्यवहार पक्का करतो आणि व्हिकला येऊन सांगतो: तुझी खोली आता कधीच बंद होणार नाही, दिवसाचे सव्वीस तास चालू राहील. त्या स्थानकावर दिवस सव्वीस तासांचा असतो. व्हिकला स्वतःच्या झोपा आणि स्वतःच्या सकाळी मिळाल्या, कायमच्या.

मी तो भाग रात्री संपवला. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला, चहा झाल्यावर, मी चपला शोधायला लागलो. महिनोन् महिने न वापरल्यानं त्यांतली एक पलंगाखाली पार भिंतीपाशी गेली होती. आत्यानं झाडूनं ओढून काढली. कुठं, असं तिनं विचारलं नाही. काठी मी घेतली. रेडिओवर गाणं लागलेलं होतं, तो बंद करायला ती उठली.

म्हटलं, आत्या, राहू दे चालू.