मुरूडचे धाकटे कर्वे

मे महिन्यात ताथवडं उन्हानं तापतं त्याहून सिमेंटनं जास्त. टॉवरला टॉवर खेटलेले, खाली डंपर, पलीकडे हायवेची घरघर. तरी या टॉवरांचं एक बरं असतं, प्रत्येकाला आपली खोली आणि खोलीला कडी. कोकणात गेलं की ती कडीच जाते. दापोलीजवळ मुरूडला घरगुती मुक्काम, माजघरात ओळीनं गाद्या, आणि माझा फोन वाजला की कूस बदलणारी आत्या.

तो चाकणला, सेकंड शिफ्टला. माझ्या फोनमध्ये त्याचं नाव ‘गॅस एजन्सी’. ताम्हिणीत रेंज गेली तेव्हा, खरं सांगतो, हायसं वाटलं. माणगावला सगळे मेसेज एकदम कोसळले.

“एवढा गॅस कोण जाळतं रे?” धाकटी म्हणाली. तिला ठाऊक असावं.

आत्याला माझ्या लग्नाची घाई. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम 377 चा फास काढला, पण 17 ऑक्टोबर 2023 ला आमच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. हे तिला कुठून सांगायला घेऊ? मी “बघू” म्हणतो. कायदाही तूर्त तेवढंच म्हणतोय.

रात्री पडवीत बाबा रंगात आले. हे महर्षी कर्व्यांचं गाव. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं, तर याच मुरूडनं त्यांना वाळीत टाकलं. आता गावाला त्यांचा कोण अभिमान! बाबाही अशा थाटात सांगतात, जणू त्या लग्नात अक्षता टाकून आलेत.

“आणि त्यांचा मुलगा?” मी विचारलं.

“रघुनाथराव? ते संततिनियमनवाले.”

“‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढायचे. 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला. वकील होते बाबासाहेब आंबेडकर.”

“काय सांगतोस! खटला कशासाठी?”

“वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून. हस्तमैथुन... समलिंगी संबंध.”

आमच्या घरात हा विषय पहिल्यांदाच निघाला, तोही दुसऱ्याच्या खटल्याआडून. आईनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे नाही.

“अगं बाई,” आत्या म्हणाली, “म्हणजे तेव्हापासूनचं आहे होय हे!”

“मग, सुटले का?” बाबांना खटल्याचीच पडलेली.

“नाही. 200 रुपये दंड.”

“आंबेडकर असून?” बाबा उठूनच बसले. “न्यायाधीश कोण होता तो?”