बोअरमध्ये पोहता येत नाही

नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी ट्रायथलॉन हा खेळ रुजूच नये, असं मला कितीतरी वर्षं मनापासून वाटत होतं. धावण्याला माझी ना नव्हती, सायकलला तर नव्हतीच. माझा आक्षेप पोहण्याला होता. आज माझं मत नेमकं उलट आहे. या तिघांतलं एकच काही आपल्या भागानं उचलायचं म्हटलं, तर ते पोहणं असावं, असं मला वाटतं. माझ्यासारखा विचार करणारी माणसं इथं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या विचारामागं खरी होरपळ आहे. म्हणून हे मत कसं बदललं ते नीट सांगायला हवं.

२०१६ चा उन्हाळा ज्यांनी लातुरात काढला, त्यांना पाण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तेव्हा सत्तरीला टेकले होते आणि घागरी घेऊन नंबराला उभे राहत होते. मी नोकरीमुळं नांदेडला. फोनवर रोज पहिला प्रश्न एकच असायचा, पाणी आलं का.

त्याच वर्षी, मी शिकवते त्या संस्थेत पोहण्याचा तलाव बांधावा असा विषय निघाला. मी उभी राहिले आणि हिशेब मांडला. पंचवीस मीटर लांब, तेरा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल असा तलाव भरायला पाच लाख लिटरला थोडंच कमी पाणी लागतं. म्हणजे मिरजेहून आलेली ती अख्खी पहिली गाडी. बैठकीत कुणी पुढं काही बोललं नाही आणि विषय बारगळला. तो हिशेब तेव्हा बरोबर होता, आजही बरोबर आहे. पण पाण्याचा हिशेब तेवढ्यावर संपत नाही, हे कळायला मला स्वतःला पाण्यात उतरावं लागलं.

विष्णुपुरीला विद्यापीठाच्या परिसरात पहाटे धावणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. हिवाळ्यात लोह्याच्या रस्त्यानं सायकलीही काढतो. काळ्या रानावरून वारा आडवा येतो आणि गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात, तरी त्या फेरीची ओढ कमी होत नाही. पुढं गुडघा दुखायला लागला. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, काही महिने पाण्यात व्यायाम करा. चाळिशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा पोहण्याच्या तलावाची पायरी उतरले. पाणी छातीपर्यंतच होतं, तरी कडेचा दांडा सोडवत नव्हता. पाण्यात तोंड घालून श्वास सोडायचा आणि बाहेर काढून घ्यायचा, एवढं जमायला फार दिवस गेले. ते जमलं तेव्हा वाटलेला आनंद मला कुठल्याही धावण्याच्या शर्यतीत मिळाला नव्हता.

ट्रायथलॉन म्हटलं की आपल्याकडं लोकांना आयर्नमनच आठवतो. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिचला तो पूर्ण केला आणि मराठी वर्तमानपत्रांतून तो शब्द घरोघरी पोचला. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. पण या खेळाची सुरुवात एवढ्या लांबीची नव्हती. २५ सप्टेंबर १९७४ ला कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या मिशन बे इथं धावपटूंच्या एका क्लबानं जी पहिली शर्यत घेतली, तीत साधारण दहा किलोमीटर धावणं, आठ किलोमीटर सायकल आणि अर्धा किलोमीटर पोहणं एवढंच होतं. हवाईतला आयर्नमन त्यानंतर, १९७८ मध्ये आला. आज जिला स्प्रिंट म्हणतात ती शर्यत, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं, मुळाच्या जास्त जवळची आहे. शाळा, घर, आजारपणं, परीक्षांचे पेपर हे सगळं सांभाळून तिची तयारी करता येते. या अंतराला कुणी अर्धवट म्हटलं की मला वाईट वाटतं. आणखी एक गोष्ट आमच्या गटातल्या बायकांना मी आवर्जून सांगते. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं, तेव्हा पहिली शर्यत बायकांची झाली होती.

पंचवीस मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे तीस फेऱ्या. तेवढ्या होऊ लागल्यावर उघड्या पाण्याची सवय करायची म्हणून आम्ही काही जण विष्णुपुरीच्या बॅकवॉटरला जाऊ लागलो. सोबत होडी आणि होडीवाले मामा असल्याशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही, असा नियम केला. पहिल्या दिवशी मी दर चार हातांनी मान वर काढून काठ शोधत होते. मामा होडीतून ओरडले, "ताई, मान कामून वर काढायलात सारखी? पाय बुडायलेत तुमचे." पुढं कोचनंही हेच सांगितलं. डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात, सगळी ताकद वर राहण्यातच खर्च होते. मामांना ते गोदावरीत वाढल्यामुळं ठाऊक होतं. मी लातूरच्या ज्या घरात वाढले तिथं हे मला कुणी का सांगितलं नाही, हा प्रश्न त्या दिवशी मनात आला आणि मग जाईना.

अण्णांना विचारलं. त्यांना उत्तम पोहता येतं, हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी चाकूर भागातल्या आमच्या गावी प्रत्येक पोरगं विहिरीत पोहायला शिकायचं. पाठीला रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, वरून चुलत्यानं ढकलून द्यायचं. आठवड्याभरात डबा सुटायचा आणि मग दिवसभर मुटके. मुलींना मात्र विहिरीवर पाठवत नसत. माझी आत्या काठावर कपडे राखत बसायची.

"मग माझ्या वेळेला?" मी विचारलं.

"तुझ्या वेळेला हिरीत पाणी कुठं होतं, बाई? बोअर घेतले होते सगळ्यांनी."

या वाक्यानं माझं मत फिरलं. पाणी आटलं तशा विहिरी आटल्या आणि त्यांच्या जागी बोअर आले. दोनशे फूट, चारशे फूट, २०१६ पर्यंत कुठं सातशे-आठशे फूट. बोअरमधून पाणी काढता येतं, प्यायला आणि पिकाला देता येतं, पण त्यात पोहता येत नाही. आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीचं, आणि मुलींच्या तर सगळ्याच पिढ्यांचं, पाण्याशी अंगाचं नातं असं तुटलं. मी ज्याला चैन समजत होते, ती अण्णांच्या पिढीच्या पोरांची साधी रोजची विद्या होती.

पुढं पाणी परत आलं, पण वेगळ्या रूपात. लातूरला रेल्वे आली त्याच वर्षी फेब्रुवारीत राज्य सरकारनं 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली. तीस बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल इथपर्यंतची तळी त्यात घेता येत होती. शेतकऱ्यांना त्यांचा उपयोग झाला, त्याबद्दल मला काही शंका नाही. पण ज्या तळ्यांना प्लॅस्टिकचं अस्तर असतं, त्यांचा उतार पाणी लागलं की शेवाळलेल्या दगडासारखा निसरडा होतो. पोहता येणारा माणूसही हाताला काही धरायला नसेल तर बाहेर येऊ शकत नाही. बैल धुवायला, बाटली भरायला, उन्हाचं अंग ओलं करायला गेलेलं लेकरू घसरतं. त्याला वाचवायला दुसरं उतरतं. दर उन्हाळ्यात, पोळ्याला, गणपती विसर्जनाला या बातम्या येतात. आतल्या पानावर चार ओळी, बहुतेक वेळा दोन भावंडं किंवा मायलेकरं. आमच्या शाळेतलं एक पोरगं असंच गेलं. त्याच्या घरी गेले, तेव्हा त्याची आई एकच विचारत होती, पाणी एवढुसं तर होतं ना, बाई?

मला तेव्हा माझा बैठकीतला हिशेब आठवला आणि तो मी पुढं चालवला. तलाव एकदा भरला की तेच पाणी गाळून, शुद्ध करून महिनोन्महिने फिरवता येतं. एप्रिल-मेच्या उन्हात रोज आठ-दहा मिलिमीटर वाफ धरली, तरी तेवढ्या तलावातून दिवसाला अडीच-तीन हजार लिटर पाणी जातं, गाळणी धुवायला लागतं ते वेगळं. वर छप्पर असेल तर त्याहून कमी. उसाचं पाहिलं तर हंगामाला पंधराशे ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी दीड ते अडीच कोटी लिटर. एका हेक्टर उसाच्या पाण्यात असे तीस ते पन्नास तलाव भरतात. मांजराकाठच्या उसावर बोलायला आम्ही बिचकतो आणि मुलांच्या एका तलावावर सगळी नीती खर्च करतो, हे मला आता पटत नाही. ऊस लावणाऱ्यावर माझा राग नाही, त्याला दुसरं कुठलं पीक खात्रीचा पैसा देतं हे मलाही दिसतं. पण पाण्याचा हिशेब करायचा तर तो पूर्ण मांडला पाहिजे.

याच सुमारास मी कोल्हापूरला राजाराम तलावातल्या शर्यतीत स्प्रिंटसाठी उतरले. धडा म्हणून सांगावं असं तिथं एकच दिसलं. आमच्या नांदेड-लातूरच्या गटातले बहुतेक जण पाण्यातून शेवटी-शेवटी बाहेर आले, मीही त्यांत होते. तिथली माणसं रंकाळा, पंचगंगा यांच्या काठानं वाढलेली, पाण्यात ती घरच्यासारखी वावरत होती. सायकलवर आम्ही त्यांना गाठू लागलो आणि धावताना कितीतरी जणांना मागं टाकलं. दम आमच्यात कमी नव्हता. सायकल ठेवून पळायला लागल्यावर पहिलं किलोमीटर पाय लाकडाचे वाटतात, तेही आमच्या लोकांनी निमूट काढलं. कमी होतं ते लहानपणीचं पाणी. ते जिल्ह्या-जिल्ह्यात कसं वाटलं गेलंय, हे त्या वेळांच्या तक्त्यात अगदी स्पष्ट दिसत होतं.

अण्णांना अजून माझं सगळं पटलेलं नाही. ते म्हणतात, "पुन्हा तसं साल आलं तर?" त्यांचं म्हणणं मी मान्य करते. टंचाई जाहीर झाली की तलाव बंद, पिण्याचं पाणी आधी, यात तडजोड नको. टँकरनं पाणी आणून तर तलाव कधीच भरू नये. पण चांगल्या पावसाची वर्षंही येतात आणि एकदा शिकलेलं पोहणं दुष्काळात विसरत नाही. त्या वर्षांमध्ये आठ ते चौदा वयाच्या मुलांना पाठीवर तरंगायला, काठापर्यंत यायला आणि बुडणाऱ्याला उडी न मारता दोर टाकायला शिकवलं पाहिजे. मुलींना बाई प्रशिक्षक हव्यात आणि अंगभर पोहण्याच्या कपड्यांना कुणी हसू नये. शर्यतीत उतरणारे त्यातून निघाले तर आनंदच आहे.

तालुक्याला सार्वजनिक तलाव होईल तेव्हा होईल. त्याला निधी, जागा, मंजुरी, वर्षं लागतील. तोवर आमच्या गटानं रविवारची लांब सायकल फेरी लोहा-कंधार भागातल्या शेततळ्यांवरून न्यायला सुरुवात केली आहे. प्रत्येकाच्या पिशवीत हातभर अंतरानं गाठी मारलेला जाड दोर असतो. तो काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यापर्यंत सोडायचा, जुनी ट्यूब फुगवून शेजारी ठेवायची आणि कुंपणाचं बोलायचं. आजवर कुठल्या शेतकऱ्यानं नको म्हटलेलं नाही. चहा झाला की बहुतेक जण विचारतात, आमच्या लेकरांना शिकवायला कधी येता?