मधलं पाणी

ई. कोलाय हा जिवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीचा. अमेरिकेतले डेव्हिड गुडसेल तो दहा लाख पटींनी मोठा करून जलरंगात काढतात आणि या धंद्यातल्या अनेकांच्या डोक्यात आता तेच माप बसलं आहे. या मापात जिवाणू दोन मीटरचा होतो, रायबोसोम सुपारीएवढा आणि पाण्याचा रेणू पाव मिलिमीटरहून किंचित मोठा. सुपाऱ्या काढता येतात. पाण्याचं काय करायचं? एका जिवाणूत पाण्याचे रेणू दोन हजार कोटींच्या वर असतात. गुडसेल ते काढत नाहीत आणि काढत नसल्याचं सांगूनही टाकतात. प्रस्तुत लेखिकाही काढत नाही. पण काढत नाही म्हणजे त्या जागी नेमकं काय करते, हे तिला अजून सुटलेलं नाही, आणि डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून तर हा प्रश्न फारच छळायला लागला आहे.

कागदावर रेणूंच्या मधे काहीतरी उरतंच. तिथे रंग लावला तरी ते विधान होतं, नाही लावला तरी होतं.

कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाचं पाणी कसं रंगवलं, याच्या गोष्टी ऐकतच पोरं जलरंग शिकायची. निदान लेखिका तरी तशीच शिकली. पाणी रंगवत बसू नका, काठ नीट काढा, सावली ओली असतानाच सोडा, उरलेला कागद स्वतःहून पाणी होतो, असा तो संस्कार. कोरा सोडलेला कागद हीच हाताची खरी परीक्षा. ही शिदोरी घेऊन ती बंगळुरात आली, जीवशास्त्रज्ञांसाठी चित्रं काढू लागली, आणि पहिल्या काही बैठकांतच एका शास्त्रज्ञानं तिने मोठ्या तोऱ्यात कोऱ्या सोडलेल्या जागेवर बोट ठेवलं. ‘मॅम, इथे काय आहे?’ काही नाही, असं उत्तर तिने दिलं. ‘पेशीत काही नाही अशी जागाच नसते,’ तो म्हणाला. म्हणणं अगदी बरोबर. पेशीच्या आत प्रथिनं इतकी खेटून असतात की दोघांच्या मधली फट काही नॅनोमीटरची, म्हणजे पाण्याच्या दहाएक रेणूंची रांग जेमतेम मावेल एवढीच. पण ही दाटी प्रामाणिकपणे काढली की नजर ठरत नाही, सगळा कागद गिचमिड होतो. नजरेला वाट ठेवावी, तर शास्त्रज्ञ बोट ठेवतो.

हे बोट ठेवणं तिला आवडू लागलं, हेही सांगितलं पाहिजे. चित्रकारांच्या कंपूत कुणी असं विचारत नाही. तिथे ‘स्पेस छान सोडलीयस’ म्हणतात आणि चहा मागवतात.

या शहरात दोन्ही जातीची माणसं एका टेबलाशी बसतात, याला थोडा इतिहास आहे. होमी भाभा युद्धामुळे भारतात अडकले, भारतीय विज्ञान संस्थेत राहिले. त्यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली सुरू झाली तीही इथेच, मग मुंबईला गेली. स्वतः भाभा उत्तम रेखाटनं करत आणि संस्थेच्या भिंतींसाठी चित्रं निवडून घेत. त्याच संस्थेची एक शाखा पुढे राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र म्हणून बंगळुरात, कृषी विद्यापीठाच्या आवारात, परत आली. तिथून पुढे येलहंक्याला सृष्टी ही कला आणि डिझाइनची शाळा. या दोन ठिकाणांमधून यशस शेट्टी यांनी ‘आर्टसायन्स’ नावाचं जे प्रकरण उभं केलं, त्याचा लेखिकेला वर्षानुवर्षं हेवा वाटत आला आहे.

२००९ साली सृष्टीची मुलं मुकुंद थट्टाई यांच्या मार्गदर्शनाखाली एमआयटीतल्या आयजेम स्पर्धेत उतरली. कृत्रिम जीवशास्त्राची ही स्पर्धा, समोर जगभरातल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे संघ, आणि ही कलाशाखेची पोरं. त्यांनी ई. कोलायकडून जिओस्मिन करवून घेण्याचा घाट घातला. वळवाचा पहिला पाऊस पडला की मातीतून जो वास उठतो, त्यातला मुख्य रेणू तो. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू तो बनवतात, आणि माणसाचं नाक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी तो ओळखतं. त्याच वर्षी शेट्टी यांनी मार्क ड्युसेलर आणि अँडी ग्रेसी यांच्याबरोबर हॅक्टेरिया हे जाळं सुरू केलं. स्वस्तातल्या वेबकॅमचं भिंग उलटं बसवून सूक्ष्मदर्शक करायचा, ही त्यांची लाडकी युक्ती.

लेखिकेचा राग असा की या मंडळींनी तिचा प्रश्न बगल देऊन सोडवला. पावसाचा वास काचेच्या बशीत आणला की मधली जागा काढावीच लागत नाही. हात लागत नाही, कागद लागत नाही, वीस वर्षं वॉश मारायचा सराव लागत नाही. त्या काळात चहाच्या टेबलावर ती हे मोठ्यानं बोलायची. ‘ज्यांना रेखाटता येत नाही ते इन्स्टॉलेशन करतात,’ हे तिचं ठेवणीतलं वाक्य होतं. अजूनही तिला ते पूर्ण खोटं वाटत नाही.

पाण्याकडे परत येऊ.

पांढरं सोडून भागेना, तेव्हा तिने निळं धरलं. पाणी निळं, कुणाची हरकत असणार? कोबाल्टचा पातळ वॉश, त्यावर रेणू. चित्रं खपली, दोन-तीन शोधपत्रिकांच्या मुखपृष्ठांवरही गेली. मग आयुष्यात बेळगावची एक पोरगी आली. भौतिकशास्त्रात पीएचडी करणारी, घरी मराठी बोलणारी, आणि ‘मॅम’ न म्हणता थेट ‘मावशी’ म्हणणारी. चित्र शिकायचं म्हणून यायला लागली. ‘मावशी, ह्ये निळं कुठनं आणलासा?’ तिने पहिल्याच दिवशी विचारलं. आणि मग रामन.

रामन यांचं नाव घेतलं की बंगळूरकर जरा ताठ बसतात. १९२१ मध्ये विलायतेहून परतताना नारकुंडा बोटीवर त्यांनी भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहिला. तो आकाशाचं प्रतिबिंब आहे, ही रॅलेची समजूत त्यांना पटेना. खिशातला निकोल प्रिझम डोळ्याला लावून त्यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा उजेड अडवला. निळेपणा कमी होण्याऐवजी अधिकच खुलला. रंग पाण्याच्या आतून येतो, रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशातून. त्याची टिपणं त्यांनी ‘नेचर’कडे पाठवली, आणि तिथून सात वर्षांनी रामन परिणाम. १९३३ मध्ये ते विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून इथे आले, १९४८ मध्ये स्वतःची संस्था काढली आणि उतारवयात रंग, फुलं आणि माणसाची दृष्टी यांच्यात रमले. १९६८ चं त्यांचं पुस्तक दृष्टीच्या शरीरक्रियेवरच आहे.

बेळगावच्या पोरीचा मुद्दा सरळ होता. समुद्राचा निळेपणा जमायला मीटरच्या मीटर पाणी लागतं. रेणूंचं विखुरणं असो की तांबड्या प्रकाशाचं पाण्यात शोषलं जाणं, दोन्हीला खोली हवी. दोन मायक्रोमीटरच्या जिवाणूत कुठली आलीय खोली? आणि रायबोसोम तर प्रकाशाच्या लहरीपेक्षा वीसपट लहान, तो कुठल्याच रंगाचा ‘दिसत’ नाही. म्हणजे सगळे रंग मानलेले. ‘मग मानायचंच आहे तर निळंच का?’

यावर लेखिकेकडे उत्तर होतं, पण ते देण्याजोगं नव्हतं. निळ्यावर रेणूंचे गेरू आणि गुलाबी उठून दिसतात. खपतात.

पाणी गाळण्याची खोड जुनी आहे. १९५१-५२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन यांनी दाखवलं की डीएनएच्या धाग्यातली आर्द्रता बदलली की त्याचा आकार बदलतो. कोरडा तो ए, ओला तो बी. ज्या छायाचित्राचा एवढा गवगवा झाला, ते ओल्या रूपाचंच. म्हणजे तो सुप्रसिद्ध पिळा पाण्यानं घडवलेला. एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये ओडिल क्रिक या चित्रकर्तीनं त्याची आकृती काढली. दोन फिती, मधे पायऱ्या, आणि भोवती पांढरा कागद. आकृती इतकी नेटकी की पाण्याची आठवण कुणाला होऊच नये. लेखिका ती अजून मत्सरानं पाहते.

संगणकवाल्यांनी तर कहर केला. हार्वर्डसाठी २००६ मध्ये झालेली ‘इनर लाइफ ऑफ द सेल’ ही चित्रफीत बघावी. कायनेसिन नावाचं प्रथिन भलंमोठं पोतं ओढत दिमाखात चालतं, आणि आजूबाजूला अंतराळासारखी मोकळीक. कला म्हणून अप्रतिम. पण तेवढी जागा मुंबईच्या लोकलमध्ये पहाटे चारलाही मिळत नाही, पेशीत कुठून मिळणार? पुढे यंत्रच चित्रं काढू लागली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘फ्रंटियर्स’च्या एका नियतकालिकात उंदराचं असं एक अचाट चित्र छापून आलं, अवयव अवाढव्य आणि लेबलांवरची अक्षरं निरर्थक, की काही दिवसांतच अख्खा लेख मागे घ्यावा लागला. त्या आठवड्यात लेखिकेनं ते चित्र बघेल त्याला दाखवलं. इतका निखळ आनंद तिला स्वतःच्या चित्रानं क्वचितच दिला असेल.

नावाचा मोहही आहेच. शोधनिबंध हातात आला की ती निष्कर्ष वाचत नाही, आधी शेवटचं पान उलटते आणि आभारांत आपलं नाव शोधते. ते शास्त्रज्ञांच्या खाली आणि अनुदान देणाऱ्यांच्या वर असतं. पुण्याजवळ दापोडीच्या बागेत १८४७ ते १८५० मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांनी वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरात जपून ठेवलेली आहेत, गिब्सन यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, चित्रकाराचं कुणालाच नाही. उलट मद्रासेत रॉबर्ट वाइट यांनी आपल्या गोविंदू या चित्रकाराच्या नावानं ऑर्किडच्या एका प्रजातीगटाचं नाव गोविंदूइया ठेवलं. पुढच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते दुसऱ्या गटात जिरवून टाकलं, ही गोष्ट वेगळी. बळ्ळारी रस्त्यावरच्या सायन्स गॅलरीत २०२४ पासून कलाकार आणि शास्त्रज्ञांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत लागलेली दिसतात. लेखिका तिथे गेली की आधी अक्षरांचा आकार बघते, मग प्रदर्शन.

आता डोळा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा-जांभळा प्रकाश अडवतं. हे इतकं सावकाश होतं की पिवळेपणा जाणवत नाही. डाव्या डोळ्यात नवं भिंग बसलं, उजव्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. त्यामुळे सध्या तिच्याकडे दोन पांढरे आहेत. तोच जाड, खरखरीत कागद उजव्या डोळ्यानं पाहिला तर हस्तिदंती दिसतो, डाव्यानं पाहिला तर ट्यूबलाइटच्या उजेडातल्या धुतल्या चादरीचा निळसर. कोरा कागद म्हणून ती आयुष्यभर जे सोडत आली, ते कोरं नव्हतंच, तिच्या भिंगाचा रंग त्यात मिसळलेला होता. आणि कोबाल्टची ती जुनी चित्रं? डाव्या डोळ्यानं बघवत नाहीत, इतकी भडक. उजव्यानं ठीक वाटतात. शास्त्रज्ञ मित्रांना हे सांगितलं तर त्यांना त्यातलं शास्त्रच आवडलं. एकानं दोन्ही डोळ्यांची स्वतंत्र रंगचाचणी घेऊ का, असं उत्साहानं विचारलं. दुःख झालं का, हे कुणी विचारलं नाही. या लोकांबरोबर काम करण्यातली ही एक गंमत आहे.

बेळगावच्या पोरीनं मध्यंतरी एक तोड काढली. माप दहा लाखांवरून एक कोटीवर न्यायचं. मग पाण्याचा रेणू जवळजवळ तीन मिलिमीटरचा होतो, एक प्रथिन कागदाच्या डाव्या कडेला, दुसरं उजव्या कडेला, आणि मधल्या फटीतलं पाणी एकेक रेणू मोजून काढता येतं. चित्र पाण्याचं, प्रथिनं नुसते काठ. लेखिकेच्या कोल्हापुरी संस्काराच्या बरोबर उलटं. तिने लगेच हरकत घेतली. हे रेणू सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात एकमेकांचे हात सोडतात आणि धरतात, मग कुठल्या क्षणाचं काढायचं? ‘कुठलाबी धरा की मावशी, फोटोवाले काय करत्यात?’

मग पोरीनं संगणकावर चालवलेल्या गणिताची छापील प्रत आणून दिली. त्यात पाणी लालभडक होतं. ऑगस्ट हॉफमान या रसायनशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये लंडनच्या व्याख्यानात क्रोकेचे रंगीत चेंडू जोडून रेणू दाखवले, तेव्हा ऑक्सिजन लाल धरला आणि हायड्रोजन पांढरा. तेव्हापासून रसायनवाल्यांचं पाणी लालच आहे. लेखिका म्हणते, लाल चालणार नाही. पोरगी म्हणते, निळ्याइतकंच लालही खोटं, मग हट्ट कसला? तूर्त दोन्ही पांढरे वापरून बघायचं ठरलं आहे. पाण्याचे रेणू हस्तिदंती, काठ निळसर, आणि मिश्रणं एकेक डोळा मिटून जुळवायची. त्यासाठी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लांबवावं लागलं. डॉक्टर वैतागले. मोतीबिंदू राहू द्या म्हणणारा पेशंट आपण आजवर पाहिला नाही, असं ते म्हणाले, आणि लेखिकेनं हे वाक्य त्या संध्याकाळी निदान चौघांना तरी ऐकवलं.